टेंडरचा खटला जिंकला, खर्च मात्र पदरचा

कंत्राटदार कोर्टात जातो तो आपल्या धंद्यासाठी. मग वकिलाची फी त्यानेच सोसावी, जिंकला तर काम मिळेलच की! सरकारी टेंडरच्या वादात हा युक्तिवाद सचिवांपासून शाखा अभियंत्यापर्यंत सगळे करतात आणि वकीलमंडळींनाही तो खटकत नाही. मला तो साफ अमान्य आहे. टेंडर देताना सरकारने नियम मोडला हे ज्याने कोर्टात सिद्ध केले, त्याचा रास्त कायदेशीर खर्च सरकारने भरून दिलाच पाहिजे.

‘जिंकला तर काम मिळेल’ हे गृहीतकच आता टिकत नाही. 2018 च्या दुरुस्तीने विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात कलम 20अ आले आणि पायाभूत प्रकल्पांना विलंब होईल असा मनाई हुकूम देण्याची वाट बंद झाली. मार्च 2022 मध्ये झारखंडमधल्या एका रस्त्याच्या कामावरून गेलेल्या एन. जी. प्रोजेक्ट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. मनमानी किंवा दुष्ट हेतू दिसला तरी उच्च न्यायालयाने शक्यतो काम अडवू नये, डावललेल्या पक्षाला नुकसानभरपाई मागायला सांगावे, असे ते म्हणाले. रस्ता रखडू नये ही त्यामागची काळजी मला मान्य आहे. पण त्याचा अर्थ असा की सरकार चुकले हे सिद्ध होऊनही काम दुसऱ्याकडेच राहू शकते, आणि भरपाईसाठी दिवाणी कोर्टात पहिल्यापासून पुरावा द्यावा लागतो. निदान रिट याचिकेचा खर्च तरी हातात पडायला नको का?

याहून वाईट प्रकार म्हणजे निष्फळ ठरणारी याचिका. समजा, लातूरकडचा एखादा लहान कंत्राटदार आहे. अटीत नसलेला दाखला मागून त्याला तांत्रिक लिफाफ्यातच अपात्र ठरवले. बयाणा रक्कम अडकलेली असताना तो औरंगाबाद खंडपीठात जातो, वकील लावतो, कागदांचे गठ्ठे जोडतो, तारखांना एसटीने ये-जा करतो. सरकारी वकील शपथपत्रासाठी मुदत मागत राहतात. अखेर सुनावणीच्या तोंडावर खात्याला कळते की आपली बाजू लंगडी आहे, आणि निविदाच रद्द होते. याचिका निकाली निघते, खर्चाबाबत आदेश नाही. खात्याने चूक कबूल केली नाही, तिची किंमतही मोजली नाही. तो मात्र बरोबर असूनही काही लाखांनी खाली आला. पुढच्या वेळी तो गप्प बसेल, आणि त्याच्या गप्प बसण्याचा फायदा ज्याला होईल तो खात्यातल्या मंडळींना चांगला ठाऊक असतो.

नेमक्या याच प्रसंगासाठी अमेरिकेत नियम आहे. तिथे 1984 च्या कायद्याने सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाला, म्हणजे जीएओला, टेंडरविरुद्धच्या तक्रारी ऐकताना खर्चभरपाईबाबत अधिकार दिला. तक्रार उघडपणे खरी असताना खात्याने दुरुस्तीला अवाजवी उशीर केला, तर निकालाआधीच टेंडर मागे घेतले तरी जीएओ तक्रारदाराचा खर्च देण्याची शिफारस करू शकते. वेळीच चूक सुधारणाऱ्या खात्यावर हा बोजा सहसा पडत नाही. मोठ्या कंपन्यांसाठी वकिलाच्या फीला सर्वसाधारणपणे तासाला 150 डॉलरची मर्यादा आहे, लहान उद्योगांना ती लागू नाही. खर्चाचा तपशील 60 दिवसांत खात्याकडे दिला नाही तर हक्क जातो. आणि पैसे येतात ते त्या खात्याच्या खरेदीसाठी असलेल्या निधीतून.

कुणी म्हणेल, अमेरिकेचे आपल्याला काय? पण टेंडरबाबतचा आपला मूळ नियमच तिकडून आला आहे. मुंबई विमानतळावरच्या दुसऱ्या वर्गाच्या उपाहारगृहाचे टेंडर ‘नोंदणीकृत हॉटेलचालक’ ही अट पुरी न करणाऱ्याला दिले गेले. त्या रमणा दयाराम शेट्टी खटल्यात मे 1979 मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी सांगितले की सरकारने स्वतः जाहीर केलेल्या निकषांना सरकार बांधलेले असते. हे तत्त्व त्यांनी अमेरिकेचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्या निकालपत्रातून घेतले. निकष मोडल्याचे ठरूनही याचिकाकर्त्याला मात्र दाद मिळाली नाही. तो स्वतः टेंडर भरणारा नव्हता, आला होता तोही उशिरा. ते योग्यच झाले. अशा त्रयस्थाला खर्च मिळावा असे मी म्हणत नाही. अमेरिकेतही ज्याचे प्रत्यक्ष आर्थिक हित गुंतले आहे त्यालाच तक्रार करता येते. तेवढी अट इथेही घालावी.

कोर्टाला खर्चाचा विवेकाधिकार आहेच, मग नवा नियम कशाला, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण दोन व्यापाऱ्यांमधल्या व्यावसायिक दाव्यात 2015 च्या कायद्याने हरणाऱ्याने खर्च द्यायचा हा सर्वसाधारण नियम केला; नाकारायचा तर कोर्टाने कारण लिहायचे. रिट याचिकेला ही तरतूद आपोआप लागू होत नाही, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेने कलम 141 च्या स्पष्टीकरणातच राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खालची प्रकरणे, म्हणजेच रिट याचिका, बाहेर ठेवली आहेत. म्हणजे समोर व्यापारी असेल तर खर्च मिळणे हा नियम, आणि सरकार असेल तर ती कोर्टाची मर्जी. दुबळ्याला ज्याच्याशी लढणे सर्वांत महाग पडते, त्यालाच ही सवलत!

आता ‘याचिकांचा पूर येईल’ ही भीती. खर्च मिळणार तो जिंकणाऱ्याला. पोकळ तक्रार करणाऱ्याला त्यातून दमडीही मिळत नाही, उलट त्याच्यावर दंडात्मक खर्च लादायला आपली कोर्टे आजही कचरत नाहीत. हरणाऱ्याला शिक्षा आहे, जिंकणाऱ्याला मात्र परतावा नाही, ही आजची स्थिती. अमेरिकेत उलट बाजूचा प्रयोगही ठरला होता: संरक्षण खात्याविरुद्ध तक्रार हरणाऱ्या बड्या कंपन्यांकडून खात्याचा खर्च वसूल करायचा, असे 2017 अखेरच्या कायद्यात आले. पुढे काँग्रेसनेच ती तरतूद रद्द केली.

राहता राहिला जनतेचा पैसा. तो वकिलांच्या खिशात का घालायचा, असे विचारतात. खोटी अट घालून चढ्या दराच्या माणसाला काम दिले तर तो फरक कुणाच्या पैशातून जातो? नियम मोडणाऱ्या खात्याची बाजू लढवायला सरकारी वकिलांची फी कुठून येते? ती खात्याला जाणवतही नाही. म्हणून भरपाईची रक्कम सामान्य तिजोरीतून न देता त्याच विभागाच्या अनुदानातून द्यावी, आणि ती कोणत्या कार्यादेशामुळे द्यावी लागली हे देयकावर लिहावे. त्या देयकावर सही करताना कार्यकारी अभियंत्याला त्या कार्यादेशाची फाइल पुन्हा उघडावी लागेल.