सूट एकाची, धोका वर्गाचा



शालेय लसीकरणातून धार्मिक सूट, म्हणजे श्रद्धेच्या कारणावरून मिळणारी मोकळीक, नाकारणे अमेरिकी राज्यघटनेशी विसंगत आहे, हे गेल्या अंकातील पत्रातले प्रतिपादन पटण्याजोगे नाही. शाळाप्रवेशासाठी लसीची अट तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्येच वैध ठरवली होती. मिसिसिपी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९७९ मध्ये ही सूटच रद्द केली. कारण लस घेणे ज्यांना बंधनकारक आहे, त्यांच्याच मुलांना सूट मिळालेल्यांकडून होणाऱ्या संसर्गाचा धोका सोसावा लागणे समान संरक्षणाच्या तत्त्वाला, म्हणजे कायद्यापुढील समतेला, छेद देते. (२०२३ मध्ये संघीय न्यायालयाने तेथे ही वाट पुन्हा खुली केली, हे खेदाने नमूद करावे लागते.) गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकतो; त्याच खोलीत नंतर येऊन बसणाऱ्या, रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांमुळे गोवराची लस घेता न येणाऱ्या मुलाचा विचार त्या पत्रात कुठेही नाही.

— एक वाचक