ऐक्याचा ठराव आणि मिळकतीचा प्रश्न

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी तुर्कस्तानातील इझ्निक, म्हणजे प्राचीन निकिया, येथे पोप लिओ चौदावे आणि ऑर्थोडॉक्स धर्मगुरू बार्थोलोम्यू यांनी एकत्र प्रार्थना केली. एकत्र प्रार्थना त्या मानाने सोपी. संस्था एकत्र करणे किती जिकिरीचे, हे आपल्या देशाने पाहिले आहे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या विलीन होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. वाटाघाटी १९२९पासून सुरू होत्या. बाप्तिस्मा अर्भकाला द्यावा की जाणत्याला, हा जुना वाद दोन्ही प्रथा मान्य करून मिटवला गेला. मेथॉडिस्टांचा एक मोठा गट मात्र ऐनवेळी बाहेर राहिला.

खरी निरगाठ मिळकतींची. गुजरातेत ब्रदरन मंडळीतले विलीनीकरणवादी आणि विरोधक प्रार्थनामंदिरांच्या मालकीसाठी न्यायालयात समोरासमोर उभे ठाकले. केवळ ठरावाने विश्वस्त मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही, त्यासाठी सार्वजनिक विश्वस्त कायद्याची प्रक्रिया पाळावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले. निकाल कायद्याला धरूनच आहे. चार दशके धर्मतत्त्वांचा मेळ घालणाऱ्यांनी धर्मादाय आयुक्तांच्या दप्तराकडे मात्र पुरेसे लक्ष दिले नाही.