चावी नको, पास दे!

'अगं, स्टोरेजची चावीच मेल करते ना, कटकट संपेल!' मी एवढं म्हणाले मात्र, माझी रूममेट मॅगीची प्लेट ठेवून ताडकन उठली. ती हिंजवडीत कोड लिहिते, मी फ्रीलान्स पत्रकार. माझे सगळे इंटरव्ह्यू तिनेच लावून दिलेल्या अझ्युर स्टोरेजमध्ये असतात. एका संपादकांना त्यातली फक्त एक ऑडिओ फाईल हवी होती. पण शेजारीच एका नर्सचं रेकॉर्डिंग होतं, 'नाव कुणाला कळणार नाही' असा शब्द देऊन घेतलेलं.

'चावी दिलीस तर ते तेही ऐकू शकतील. पुसूसुद्धा शकतील.'

माझी बोलतीच बंद.

तिने पायथनमध्ये जेमतेम दहा ओळी लिहिल्या. फंडा सोप्पा आहे, बॉस. कुठली फाईल, काय करायची मुभा आणि कधीपर्यंत, एवढं सांगायचं. त्यावर कोड आपल्या चावीने एक सही तयार करतो आणि हे सगळं लिंकच्या शेपटीला चिकटतं. चावी आपल्यापाशीच. शेपटीत कुणी शहाण्याने वाचण्याच्या परवानगीला लिहिण्याची जोडली, तर सही जुळत नाही आणि दार बंद! याचं नाव सॅस टोकन. (सास नव्हे, पण नजर तेवढीच करडी.)

सुरुवातीची वेळ मी माझ्या घड्याळाची टाकली आणि लिंक उघडेचना. तिथला हिशेब यूटीसीचा, म्हणजे दार साडेपाच तास उशिरा उघडणार! ती ओळच काढून टाकली.

'मुदत वर्षाची ठेवू?' मी विचारलं. तिने मायक्रोसॉफ्टच्याच एआय संशोधकांचा किस्सा ऐकवला. गिटहबवर त्यांनी मॉडेल्ससाठी अशीच लिंक दिली होती. पण टोकन अख्ख्या अकाउंटचं, सगळ्या हक्कांसकट, आणि मुदत चक्क २०५१ पर्यंत! २०२३ मध्ये 'विझ' या सिक्युरिटी कंपनीने हे उजेडात आणलं. ३८ टेराबाइट डेटा उघडा पडला होता, त्यात दोन कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरचे बॅकअपही. आणि आधी पॉलिसी बांधलेली नसेल तर असं एकच टोकन रद्द करता येत नाही. चावीच बदलायची, म्हणजे तिच्यावर काढलेले सगळे पास बाद.

मी गुपचूप ४८ तास टाकले. एक फाईल, फक्त वाचायला.

तिसऱ्या दिवशी संपादकांचा फोन. 'अगं, लिंक उघडत नाहीये!'

'नवीन देते, सर. पण आज रात्री बारापर्यंतच हं.'