फुकटच्या माशाला वाली नाही

जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, हे पुण्यातला खवय्याही आता जाणतो. पापलेट महागलं की कारण तोच सांगतो. त्याच दिवसांत भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या ताब्यात असलेल्या, तलावांच्या पाळीवर गळवाले ठाण मांडून बसतात. शेजारच्या मध्य प्रदेशात दरवर्षी 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारीबंदीचे आदेश निघतात, पण नदी-नाल्यांशी न जोडलेले छोटे तलाव त्यातून वगळलेले असतात. जणू तलावातला मासा अंडी घालतच नाही!

रोहू, कतला, मृगळ यांच्यापुरतं ते खरंही आहे. साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही, त्यांना नदीचा पूर लागतो. 1957 साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण घडवून आणली आणि बीज हुकमी मिळू लागलं. तेव्हापासून तलावाचं व्यवस्थापन म्हणजे बोटुकली सोडणं, असं समीकरण झालं. किती सोडली, किती निघाली, संपला हिशेब. मरळ, शिंगी, देशी मागूर हे मासे मात्र तलावातच जन्मतात आणि तिथेच वाढतात. त्यांची ना पावती, ना अनुदान. म्हणून ते कुणाच्याच वहीत नाहीत, आणि वहीत नाही त्याची राखणही नाही.

यातली मरळ गळवाल्यांची विशेष लाडकी. पाऊस सुरू झाला की नर-मादी काठच्या गवतात थोडी जागा मोकळी करतात. मधाच्या रंगाची अंडी पाण्यावर तरंगतात आणि दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. मग तांबूस पिल्लांचा एक गोळा श्वास घ्यायला सारखा वर येत राहतो. पाणी तिथे बारीक उकळल्यासारखं दिसतं. आईबाप बरोबर खाली असतात. मुरलेला गळवाला हेच शोधत असतो. रबरी बेडूक त्या गोळ्यापलीकडे फेकायचा आणि त्यावरून ओढत आणायचा. मरळ झेपावतेच, आणि ती भुकेने झेपावत नाही. पिल्लांवर कुणी आलं म्हणून झेपावते. याला कसब म्हणायचं असेल तर म्हणावं. मला ती पाळण्यापाशी केलेली शिकार वाटते. मग ‘आम्ही पकडून सोडून देतो’ असं शहरी शौकीन सांगतात. मरळ वजनकाट्यावर लोंबत फोटो काढून घेते, तेवढ्या वेळात पिल्लांचा फराळ उरकायला इतर मासे टपलेले असतातच.

पण सगळं खापर गळवाल्यावर फोडणं सोपं आहे. तलाव ठेक्याने घेणाऱ्या संस्थेला रक्कम भरायची असते. उन्हाळ्यात धानाला पाणी देऊन तळाशी डबकं उरलं की त्यात जाळं ओढून शेवटचं शेपूटही काढलं जातं. पुढच्या पावसाळ्यात अंडी घालायला राहणार कोण? शिवाय काही तलावांत गवत्या कार्प सोडला जातो. तो पाण्यातली झाडंझुडपं फस्त करतो, म्हणजे मरळीचं घर आपणच चारा म्हणून वाढतो.

उलटं करून पाहिलेले लोकही याच मुलखात आहेत. गोंदियातल्या अर्जुनी मोरगाव भागात ढिवर मासेमारांनी ‘फीड’ या संस्थेबरोबर काही तलावांतलं बेशरमाचं तण उपटलं, तळ नांगरला आणि तिथे स्थानिक पाणवनस्पती लावल्या. ढिवरांना कुठली वनस्पती कुठल्या माशाला आसरा देते, हे पुस्तकावाचून ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, इतकंच. झाडं आली तसे देशी मासे परतले, आणि पक्षीही.

मागणं फार नाही. तलावाचा एक कोपरा गवतासकट राखावा. उन्हाळ्यात एका खोल डोहाला जाळं लावू नये. जून ते ऑगस्ट मरळीसाठी गळ टाकू नये, आणि पिल्लांचा गोळा दिसला तर त्या बाजूला फिरकूच नये. गवत्या कार्प सोडायचा की नाही, हे काठावरच्या मासेमारांना विचारून ठरवावं. हे सगळं ठेक्याच्या करारात कलम म्हणून यायला हवं, कारण ग्रामसभेतला ठराव पाहुण्या गळवाल्याला दाखवता येत नाही, करार दाखवता येतो. आणि त्या कलमाची किंमत म्हणून ठेक्याच्या रकमेत सूट हवी. ज्याच्या पोटाला चिमटा बसतो, त्यानेच फुकटात राखण करावी, हा हिशेब जमणारा नाही.