उन्हाळ्यात सिरिंजमध्येच गोठेल असे जेल

‘भारतीय शास्त्रज्ञांनी शोधले हाड भरून काढणारे जेल’ अशा आशयाची बातमी दर काही महिन्यांनी आपल्यासमोर येते. संस्था बदलते, छायाचित्रातील चेहरे बदलतात, मथळा मात्र जवळपास तोच राहतो. अशी बातमी खोटी नसते, पण ती जिथे संपते तिथेच खरा प्रश्न सुरू होतो. या विषयातील मूळ कल्पना खरोखर सुंदर आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे काटेकोरपणे बोलायला हवे.

कल्पना अशी. तूप गारठ्यात थिजते आणि ऊब लागली की वितळते. चायना ग्रास आणि जिलेटिनही निवल्यावरच घट्ट होतात. अस्थिदुरुस्तीसाठी नेमके याच्या उलट वागणारे द्रव्य हवे असते. थंड असताना ते सुईतून सहज वाहावे आणि शरीराच्या ३७ अंश सेल्सिअस उबेत काही मिनिटांतच आळून यावे. कायटोसान हे कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे द्रव्य सौम्य आम्लात विरघळते. आम्लता उदासीन करू गेल्यास ते साक्याच्या रूपात खाली बसते. २००० साली कॅनडातील संशोधकांनी त्यात बीटा-ग्लिसरोफॉस्फेट मिसळून दाखवले, तेव्हा द्रावण जवळपास उदासीन होऊनही वाहते राहिले आणि ऊब मिळताच त्याचे जेल झाले. थंड अवस्थेत पाण्याचे रेणू कायटोसानच्या साखळ्यांभोवती कोंडाळे करून असतात. तापमान वाढले की ते कोंडाळे सुटते, साखळ्यांवरील धनभार उणावतो आणि त्या एकमेकींना बिलगतात. विद्यार्थ्यांनी हे रसायन एकदा मुळातून समजून घ्यावे. ऊष्मागतिकीचा याहून बोलका धडा क्रमिक पुस्तकात सापडणे कठीण.

हाडाला याचा उपयोग काय? अपघाताने किंवा अर्बुद काढल्याने पडलेली पोकळी कधी सुबक चौकोनी नसते. आज सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे रुग्णाच्याच कटीच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवणे. त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, आणि पुष्कळ रुग्णांना मूळ व्याधीपेक्षा त्या जखमेचीच वेदना अधिक काळ जाणवते. वाहते जेल पोकळीचा आकार आपोआप घेते आणि आपल्यासोबत पेशी, औषधे किंवा हायड्रॉक्सिअॅपेटाइटचे कण नेऊ शकते.

पण जेल म्हणजे हाड नव्हे. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खनिज असतो आणि उरलेल्यात मुख्यत्वे कोलॅजेन. (या कोलॅजेनची तिपेडी रचना गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली मद्रासमध्ये मांडली, हे आपण विसरू नये.) अशा जेलची ताठरता सहसा किलोपास्कलमध्ये मोजतात, तर टणक हाडाची गिगापास्कलमध्ये. तफावत दहा लाख पटींच्या घरातली आहे. प्रयोग मात्र बहुधा उंदराच्या कवटीतील काही मिलिमीटरच्या छिद्रावर होतात, आणि कवटीवर चालण्याचा भार पडत नाही. तिथले यश मांडीच्या हाडाला लागू करणे म्हणजे पाळण्यावरून पुलाची मजबुती ठरवणे होय.

‘नैसर्गिक’ या विशेषणाविषयीही माझी तक्रार आहे. बातमीत ते ‘सुरक्षित’ या अर्थाने वापरले जाते, पण प्रयोगशाळेत त्याचा अर्थ बहुधा ‘दर खेपेला थोडे वेगळे’ असाच होतो. कवच कोणत्या प्राण्याचे, त्यावर प्रक्रिया किती वेळ झाली, साखळ्यांची लांबी किती, त्यांत अॅसिटिल गट किती उरले, यांवर जेल बनण्याचा वेळ आणि विरघळण्याचा वेग ठरतो. शिवाय जिवाणूंचे विषारी अवशेष काढून टाकण्याचे काम जिकिरीचे असते. जेलसोबत काय पाठवतो, हेही तितकेच महत्त्वाचे. हाडाची वाढ घडवणारे एक प्रथिन कोलॅजेनच्या स्पंजवरून कंबरेच्या मणक्यांत वापरण्यास अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली. मानेच्या मणक्यांतील वापरानंतर जीवघेणी सूज आल्याने २००८ साली तेथील नियामकाला सावधगिरीची सूचना काढावी लागली.

आपल्याकडे कच्चा माल विपुल आहे. कोळंबीच्या निर्यातीत भारत अग्रगण्य देशांपैकी एक, आणि कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था कवचांपासून कायटोसान बनवण्यावर दीर्घकाळ काम करत आली आहे. उद्योगालाही हे क्षेत्र परके नाही: कायटोसान-ग्लिसरोफॉस्फेटवर आधारलेले कूर्चेच्या दुरुस्तीचे उत्पादन विकसित करणारी कॅनडातील बायोसिंटेक ही कंपनी २०१० साली मुंबईच्या पिरामलने घेतली होती. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हृदयाची झडप प्रयोगशाळेपासून रुग्णापर्यंत नेऊन १९९० साली ती प्रथम बसवली, तेव्हा अभियंते आणि शल्यचिकित्सक एकाच संस्थेत होते. आज जेलवर काम करणारे आपले बहुतेक गट रसायनशास्त्राच्या किंवा जैवतंत्रज्ञानाच्या विभागांत आहेत, आणि शल्यचिकित्सक त्यांना शोधनिबंधाच्या अखेरीस भेटतो. शेळी-मेंढीवरील वर्षभराची चाचणी खर्चिक असते आणि तीन-चार वर्षांच्या पीएच.डी.त बसत नाही. म्हणून उंदराशी काम थांबते आणि पुढचा विद्यार्थी नव्या मिश्रणाने पुन्हा उंदरापासून आरंभ करतो. यात दोष त्या विद्यार्थ्याचा नाही. मोठ्या प्राण्यांवरील चाचण्यांसाठी सामायिक केंद्रे आणि त्यासाठी वेगळा निधी असल्यावाचून हे चक्र तुटेल असे मला वाटत नाही.

आणखी एक मुद्दा खास आपल्या हवामानाचा. शोधनिबंधांत ‘खोलीचे तापमान’ म्हणजे २० ते २५ अंश असते. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली. विदर्भात मे महिन्यात ४५ अंश कोणाला नवे नाहीत. म्हणजे वर्षातले कित्येक आठवडे आपल्या देशाच्या मोठ्या भागात बाहेरची हवाच शरीराहून उष्ण असते, आणि ३७ अंशांना गोठणारे द्रव्य जिल्हा रुग्णालयाच्या वाटेवर, वीज गेलेल्या भांडारात, सिरिंजमध्येच गोठून बसेल. लसींसाठी २ ते ८ अंशांची शीतसाखळी आपण उभारली आहे. ती अशा जेललाही लागेल, किंवा घटक कोरड्या भुकटीच्या रूपात पाठवून शस्त्रक्रियागृहातच मिसळावे लागतील. हा विचार उत्पादनाच्या टप्प्यावर नव्हे, पहिल्या प्रयोगाच्या आराखड्यातच हवा. एक सिरिंज तासभर ४५ अंशांत ठेवून मग ती सुईतून रिकामी होते का, हे पाहण्यास काही विशेष खर्च येत नाही.