जानेवारीचं स्टेटस आणि हळदीकुंकवाची यादी

यवतमाळ : ३ जानेवारीला सकाळी जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा, सावित्रीबाई फुले दिसतील. १२ तारखेला राजमाता जिजाऊ. ३१ मे आला की अहिल्यादेवी. फोटो, खाली फुलं, मागे गाणं आणि 'कोटी कोटी प्रणाम'. मग १४ तारखेला संक्रांत येते, तिळगूळ वाटून होतो आणि रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू सुरू होतं. त्याचं आमंत्रणही आता मोबाईलवरच जातं. त्या यादीत काही नावं मात्र नसतात. त्या बायांना कोणी 'येऊ नका' म्हणत नाही. कोणी 'या' म्हणत नाही, एवढंच.

स्टेटसवरच्या तिघींचा इतिहास जरा आठवून पाहा. शहाजीराजे १६६४ मध्ये गेले. त्यानंतर दहा वर्षं जिजाऊ स्वराज्याच्या पाठीशी उभ्या होत्या. १६७४ चा राज्याभिषेक डोळ्यांनी पाहून मगच त्यांनी देह ठेवला. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. पुढे त्यांनी १७९५ पर्यंत होळकरांचा कारभार असा केला की आजही नाव निघतं. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० ला गेले आणि सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाचं काम पुढं चालवलं. १८९३ ला सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १८९७ मध्ये त्यांनाच प्लेग झाला. तिघीही विधवा. तिघींनीही आपलं मोठं काम नवरा गेल्यावर केलं किंवा पुढं नेलं. फोटोला हात जोडताना ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही.

दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात ही नुसती रीतिरिवाजाची चर्चा ठरली असती. यवतमाळात तसं नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ ला पत्नी आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती सांगितली जाते आणि १९ मार्चला आजही अनेक ठिकाणी लोक अन्नत्याग करतात. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत किती घरांत हे झालं, ते प्रत्येक गावाला आपलं आपलं माहीत आहे. त्या घरांत मागे राहिलेल्या बाया बहुतेक तरण्या आहेत. पंचविशी, तिशी, पस्तिशी. पदरात दोन लेकरं, कापूस किंवा सोयाबीनचं तुकडाभर वावर, बँकेचं नाहीतर सावकाराचं कर्ज आणि पुढं पन्नास वर्षांचं आयुष्य.

या बायांना देशानं पाहिलं नाही असं म्हणता येणार नाही. उलट भरपूर पाहिलं. मारेगाव तालुक्यातल्या जळका गावच्या कलावती बांदूरकर यांचं नाव जुलै २००८ मध्ये राहुल गांधींनी लोकसभेत घेतलं. विषय होता अणुकरार आणि वीज. त्या दिवसापासून 'कलावती' हे एका बाईचं नाव राहिलं नाही, वर्तमानपत्रांनी त्याचं सामान्यनाम केलं. ऑगस्ट २०२३ मध्ये अविश्वास ठरावावर बोलताना अमित शहांनी त्याच सभागृहात तेच नाव घेतलं: घर, वीज, गॅस आमच्या सरकारनं दिला म्हणाले. कलावतीबाईंनी ते खोडून काढलं, मदत राहुल गांधींमुळे झाली असं त्यांनी सांगितलं. कोण खरं यावर दोन दिवस टीव्हीवर भांडण चाललं. पंधरा वर्षांत दोन पक्षांनी एकाच बाईचा दाखला दिला, दोन्ही वेळा कॅमेरे जळक्याला आले आणि दोन्ही वेळा निघून गेले. मधल्या काळात सोयाबीनचे भाव किती वेळा पडले, ते सभागृहात कोणी विचारलं असेल तर त्याची एवढी चर्चा झाली नाही.

सिनेमावाल्यांनीही पाहिलं. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस'मधली बायको शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर आपल्या नवऱ्यावर रात्रंदिवस नजर ठेवते. ज्यांनी ते घरात भोगलंय त्यांना त्यात नाटकी काही वाटलं नाही. पुढच्याच वर्षी, २०१० ला, 'पीपली लाईव्ह' आला. त्यात शेतकरी मरणार म्हणून चॅनेलच्या गाड्या गावात डेरा टाकतात. विदर्भातून तेव्हा त्या सिनेमाला विरोधही झाला. विरोध करणाऱ्यांचा राग समजण्यासारखा होता, पण गाड्यांची गोष्ट काही खोटी नव्हती.

आणि मग जानेवारी २०१९. ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला ११ ते १३ जानेवारीला भरलं. यवतमाळला संमेलन होण्याची ही पहिली वेळ नव्हे, १९७३ ला ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली ते झालं होतं. यावेळी अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि विरोधाच्या धमक्या आल्यावर ते निमंत्रण मागे घेतलं. राज्यभर गदारोळ उठला, अनेक साहित्यिकांनी बहिष्कार टाकला. शेवटी उद्घाटनाला निवड झाली ती कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांची. शेतकरी पतीनं आत्महत्या केलेली, अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करणारी, दोन लेकरांची आई. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या 'तेरवं' नाटकात त्यांनी कामही केलेलं. त्या नाटकात अशाच घरातल्या बाया रंगमंचावर उभ्या राहतात.

आयोजकांनी अडचणीतून सुटायला ही वाट काढली, असं तेव्हा बरेच जण म्हणाले आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. पण माईकवर उभी राहिलेली बाई कोणाची ढाल होऊन बोलली नाही. लादलेल्या विधवापणाबद्दल आणि एकटीनं ओढलेल्या संसाराबद्दल त्या आपल्या भाषेत बोलल्या. साहित्यिकांच्या भांडणापेक्षा लोकांना तेच भाषण लक्षात राहिलं. त्याच वर्षी त्या लोकसभेलाही उभ्या राहिल्या, प्रहारकडून, यवतमाळ-वाशीममधून. निवडून आल्या नाहीत.

संमेलन १३ तारखेला संपलं. दोन दिवसांनी, १५ जानेवारीला, संक्रांत होती. भाषणाचा व्हिडिओ तोपर्यंत गावोगाव फिरला होता. 'सलाम ताई' म्हणून तो पुढं पाठवणाऱ्या किती घरांनी त्या आठवड्यात आपल्याच गल्लीतल्या तशाच बाईला वाण द्यायला बोलावलं असेल? याची मोजणी कुठं होत नाही. पण ज्याला त्याला आपल्या घरचं उत्तर माहीत आहे.

हळदीकुंकू म्हणजे शेवटी एक वाटी नाहीतर प्लास्टिकचा डबा, त्यात एवढं काय, असं पुरुष मंडळी म्हणतात. बायांना विचारा. लग्नात ओटी भरायला पुढं कोण, डोहाळजेवणात मागे कोण, नवरदेवाला ओवाळायला कोण, पोटच्या पोरीच्या लग्नात आई असूनही मांडवाच्या कोपऱ्यात कोण, हे सगळं त्या डब्याबरोबरच ठरतं. आणखी एक गंमत पाहा. बचत गटात हीच बाई अध्यक्ष चालते, बँकेत सही तिची लागते, कर्जाची वसुली तीच करते. त्याच गटाचं हळदीकुंकू निघालं की मात्र ती 'कार्यक्रमाची व्यवस्था' पाहते. निवडणूक जवळ आली की पुढारीही वाण वाटतात, बॅनरवर 'सौभाग्यवती भगिनींना आग्रहाचे निमंत्रण'. मतदानाच्या रांगेत पुन्हा सगळ्या सारख्या.

हीच नजर पुढं कागदावर उतरते, आणि तिथं नुकसान रुपयांत होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी करायला सांगितलं. आपला आधार टाका, ओटीपी टाका, मग पतीचा किंवा वडिलांचा आधार टाका, त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी टाका. ज्या बाईचा नवरा गेला आणि बापही गेला, तिनं काय करायचं? मेलेल्या माणसाचा ओटीपी आणायचा कुठून? सेतू केंद्रावरच्या पोराकडेही याचं उत्तर नव्हतं. ओरड झाल्यावर मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आणि अशा बहिणींनी मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, असं ठरलं. चूक दुरुस्त झाली, चांगलं झालं. पण योजनेच्या पात्रतेत पहिल्या दिवसापासून विधवा आणि परित्यक्ता लिहिलेल्या असताना फॉर्म बनवणाऱ्याला त्या आठवल्या नाहीत, हे कसं झालं? बाईच्या मागे कोणीतरी पुरुष असणारच, हे त्यानं धरूनच चाललं होतं. गावातही तसंच धरून चालतात.

आत्महत्येनंतरच्या मदतीचंही तेच. एक लाखाची मदत. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ही रक्कम २००५ च्या सुमारास ठरली, आजही तेवढीच आहे. त्यासाठी प्रकरण 'पात्र' व्हावं लागतं: कर्ज हवं, ते फेडता येत नव्हतं हे दिसायला हवं, वसुलीचा तगादा हवा. वावर ठेक्यानं किंवा बटईनं केलं असेल, कर्ज खासगी आणि बिनकागदाचं असेल, तर 'अपात्र' हा शिक्का बसायला वेळ लागत नाही. आणि बाईनंच जीव दिला तर? सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं, म्हणून ती शेतकरी धरलीच जात नाही. पी. साईनाथ हे वर्षानुवर्षं लिहीत आलेत. निंदण, वेचणी, डवऱ्यामागं चालणं तिचं. शेतकरी मात्र तो.

सातबारा ही तर खरी गाठ आहे. नवरा गेल्यावर तेरवीपर्यंत सगळं गाव येतं. भाकरी येते, पेरणीला बैलजोडी येते, भासरे-दीर धावपळ करतात. गावाचा हा मोठेपणा खराच आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण तेरवी झाल्यावर वारस नोंदीचा विषय निघाला की आवाज बदलतो. 'इतकी घाई कायले?' कायदा सांगतो की हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा हिस्सा. (आपल्या जिल्ह्यातल्या गोंड, कोलाम या आदिवासी समाजांना हा वारसा कायदा तसाच्या तसा लागू नाही, तिथं त्यांची रीत पाहिली जाते.) तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यायची, मृत्यूचा दाखला जोडायचा, तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी वारस नोंदवहीत, गाव नमुना ६-क मध्ये, नाव घेतात, मग फेरफार, नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. बाईनं पुन्हा लग्न केलं म्हणून मिळालेला हिस्सा परत जात नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं. नाव नाही चढलं तर पीककर्ज नाही, विम्याला अडचण, आणि सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपही जमिनीचा कागदच मागतं. जमीन अजून सासऱ्याच्या नावावर असेल तर तिच्या हातात दाखवायला काहीच नाही, सासऱ्याच्या मर्जीवर राहायचं.

नवरा जिवंत असतानाच बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता येतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली होती आणि १९९२ ला सरकारनं त्याच नावाची योजना आणली. ती अजून आहे. चौकातल्या गप्पांत तिचं नाव मात्र क्वचितच निघतं.

एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांसाठी 'गंगा भागीरथी' शब्द वापरण्याचा प्रस्ताव पुढं आणला आणि टीका झाल्यावर ही नुसती चर्चा असल्याचं सांगितलं. मंत्र्यांवर सगळ्यांनी तोंडसुख घेतलं. पण हा शब्द काही मंत्र्यांच्या कपाटातला नव्हता. घरात पडलेल्या लग्नपत्रिका काढून पाहा, 'गं. भा.' छापलेलं सापडेल. आणि ही रीत फार सनातन आहे म्हणावं, तर आपल्याच भागात अनेक जातींत पाट लागत होता, मोहतूर होत होता. समाज 'वर' जायला लागला तशा या गोष्टी कमीपणाच्या वाटू लागल्या.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव पुष्कळ झाले. ठरावानं रीत मोडत नाही, हेही दिसलं. कारण सगळ्यात कडक पहारा म्हाताऱ्या बायांचा असतो आणि त्यातल्या कित्येक स्वतः विधवा असतात. त्यांना बोलावलं तरी त्या येत नाहीत, 'दुसऱ्याच्या चांगल्या कामात आपलं सावट कायले' म्हणून दारातूनच परततात. चाळीस वर्षं जिला कोणी बोलावलं नाही, तिनं एका आमंत्रणावर यावं अशी अपेक्षा धरणंही चुकीचंच. तिला दोनदा बोलवावं लागतं, तीनदा बोलवावं लागतं. तिच्या सुनेला पाठवावं लागतं.

तरण्या बायांचं वेगळं आहे. त्या येतात. शाळेच्या पालकसभेला येतात, बाजार समितीत स्वतः कापसाची गाडी घेऊन जातात, टिकली लावतात आणि कोणी पाहिलं तर पाहू देतात. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास गावोगाव ग्रामसभा भरते. हेरवाडसारखा ठराव आपल्या गावात २०२२ ला झाला होता का, हे ग्रामपंचायतीच्या ठराव वहीत पाहता येतं. गेल्या वर्षभरात गावात जे कर्ते पुरुष गेले, त्यांच्या वारस नोंदी कुठवर आल्या, हेही त्याच सभेत विचारता येतं. विचारणारी बाई सभेत कुठं बसते, पुढं की मागं, ते तेव्हा दिसेलच.