उघड्या आकाशाखालचे लखनौ

वाचकहो, लखनौचे नाव निघाले की कबाब, चिकनकाम आणि ‘पहले आप’ या तीन गोष्टी तुमच्या मनात प्रथम येत असतील. तिन्ही खऱ्या आहेत. परंतु केवळ बाजार पाहून परतलेल्या प्रवाशाने लखनौ पाहिले, असे येथील माणूस मानीत नाही. हे शहर उघड्यावर, पायी आणि सावकाश पाहावयाचे आहे. मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसने सहकुटुंब येणार असाल, तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी निवडावा. मे-जूनमध्ये येथे लू वाहते आणि जानेवारीच्या धुक्यात समोरचा घुमटही दिसेनासा होतो.

प्रारंभ सकाळी सिकंदर बागेपासून करावा. अवधचे अखेरचे नबाब वाजिद अली शाह यांनी बांधविलेल्या या बागेची थोडी तटबंदी व दरवाजा आज उरला आहे. शेजारीच राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे विस्तीर्ण उद्यान आहे. दंवाने भिजलेली हिरवळ, गुलाबांचे वाफे, जुने वृक्ष, सारे कसे शांत! मात्र १६ नोव्हेंबर १८५७ रोजी याच बागेत सुमारे दोन हजार हिंदी शिपाई इंग्रज फौजेशी लढताना पडले. पासी समाजातील उदादेवी झाडावर चढून शत्रूवर नेम धरीत होत्या, अशी परंपरागत कथा आहे. त्यांचा पुतळा येथे उभा आहे. मुलांना तो अवश्य दाखवावा.

तेथून रेसिडेन्सीकडे जाताना वाटेत कैसरबाग लागते. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. मुंबईत वाळकेश्वरी जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली लखनौत संगीत महाविद्यालय निघाले. ते आता त्यांच्याच नावाचे विद्यापीठ झाले आहे.

रेसिडेन्सीला जुने लखनौकर ‘बेलीगारद’ म्हणतात. जून १८५७ च्या अखेरीस तिला वेढा पडला आणि नोव्हेंबरात इंग्रजांनी ती सोडली. बेगम हजरत महल यांनी आपला अल्पवयीन पुत्र बिरजिस कद्र याला गादीवर बसविले, ते याच काळात. छपरे गेलेल्या भिंतींवर तोफगोळ्यांच्या खुणा अद्याप स्पष्ट दिसतात. आमच्या चिरंजीवांनी अशाच एका खळग्यात मूठ घालून विचारले, “बाबा, हा गोळा आपल्या माणसांनी मारला ना? मग आत कोण होते?” आत इंग्रज होते, असे मी झटकन सांगून टाकले. पुढे फलक वाचताना माझाच मला संकोच वाटला. इंग्रजांच्या बाजूने आतून लढणाऱ्यांत सातशेहून अधिक हिंदी शिपाई होते. मी परत फिरून त्याला खरे ते सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मुलांना अशा जागी न्यावे ते तयार उत्तरे देण्यासाठी नव्हे. त्यांच्याबरोबर आपणही थोडे गप्प राहावे, यासाठी.

दिवसाची अखेर बड्या इमामबाड्याच्या गच्चीवर करावी. १७८४ च्या दुष्काळात नबाब असफउद्दौला यांनी हे काम काढले ते भुकेल्यांच्या हाताला काम मिळावे म्हणून. मुख्य दालन सुमारे पन्नास मीटर लांब असून त्याच्या छताला ना खांबाचा आधार, ना तुळईचा. लहान लखौरी विटा आणि चुना यांच्या कमानींवर ते सारे तोलले आहे. सज्जाच्या एका टोकाशी काडी ओढली तर आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. वरच्या भूलभुलैयात मात्र वाटाड्या बरोबर घ्यावा आणि धाकट्यांचा हात सोडू नये. येथे एक आख्यायिका सांगतात. दिवसा मजुरांनी बांधलेले रात्री पाडले जाई; पाडणारे असत ते उपासमार झालेले खानदानी लोक. अंधारात त्यांची लाज झाकली जाई आणि मजुरीही मिळे.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात ज्यांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले, त्यांच्या घरांत ही कथा सांगून पाहावी. तेथे ती परकी वाटणार नाही. कामावर जाताना पदराने तोंड झाकून घेणारी एखादी आजी कोणाला आठवेल.

गच्चीवरून मावळतीला रूमी दरवाजा सोनेरी होतो आणि पलीकडे गोमती दिसते. छायाचित्र जरूर घ्यावे. पण विटेच्या त्या भिंतीवर एकदा तळहातही टेकवून पाहावा. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी तिने कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या होत्या.